मुक्काम किनाऱ्यापासून आत का होता: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय सावकाश वाचला. दोन तारे दिलेत, पण कारणंही नीट लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: समुद्रकिनाऱ्याची सायकल सहल म्हणून पैसे भरले आणि बहुतेक खोल्यांतून समुद्र दिसलाच नाही; चौथा मुक्काम तर किनाऱ्यापासून अडीच किलोमीटर आत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एकलाच खाडीच्या अलीकडे थांबवलं, अर्धा दिवस वाया गेला. सायकली खोलीत नेऊ दिल्या नाहीत. आणि पैशांच्या मानाने खोल्या फारच साध्या होत्या.

हे सगळे मुक्काम मी स्वतः निवडतो, म्हणून उत्तरही मीच देतोय. चौथा मुक्काम पुढच्या हंगामातही तिथेच राहणार आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे नोंदणी करण्याआधी इतरांनाही कळेल.

खाली वाळूला लागून एक छान हॉटेल दिसलं, तिथे का नाही उतरवलं, असं तुम्ही विचारलंय. जागा सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण आपला रस्ता कड्यावरून जातो आणि हॉटेलकडे जाणारा फाटा एका किलोमीटरमध्ये ८० मीटर खाली उतरतो. संध्याकाळी उतरताना काहीच वाटत नाही. सकाळी मात्र तोच आठ टक्क्यांचा चढ, अंग गरम व्हायच्या आत, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा लावून चढायचा. आणि पुढे अख्ख्या सहलीतला सर्वांत लांब टप्पा. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, समुद्रसपाटीपासून फार वर जातही नाही. पण प्रत्येक नदीच्या मुखाशी तो खाली येतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. हे छोटे छोटे चढ दिवसभरात जमा होऊन एखाद्या घाटाएवढे होतात. तुमचे पाय पक्के आहेत, तुम्हाला तो सकाळचा चढ जड गेला नसता. पण मुक्काम ठरवताना मी गटातल्या सर्वांत हळू चालवणाऱ्याकडे बघतो, कारण सकाळी तो दमला की दुपारी सगळा गट अडकतो.

अडीच किलोमीटर आत म्हणजे फार लांब, असं वाटणं साहजिक आहे. फ्रान्समध्ये सायकलस्वारांसाठी योग्य जागांना ‘अकॉय व्हेलो’ नावाचं मानचिन्ह देतात. त्यासाठी जागा सायकलमार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असावी लागते. अंतर मोजतात ते मार्गापासून, पाण्यापासून नाही. तुमचा चौथा मुक्काम मार्गावरच होता. सकाळी फाटकाबाहेर पडलात की थेट रस्त्याला लागलात.

आता तिसऱ्या दिवसाची दुपार. खाडीच्या पलीकडे राहण्याची सोय चांगली आहे, हे मला ठाऊक आहे. पण पलीकडे खोली घेतली की सगळा दिवस शेवटच्या फेरीबोटीला बांधला जातो. दोन पंक्चर झाली, एखाद्याची चेन तुटली, की बोट गेली. मग समोर दिसणाऱ्या अंथरुणापर्यंत पोचायला खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या पुलावरून अंधारात वळसा. म्हणून टप्पा लांब असला की मी अलीकडेच थांबवतो आणि सकाळच्या पहिल्या बोटीने पलीकडे नेतो.

शिवाय वारा आहे. शाळेत शिकलेले खारे वारे सायकलवर बसलं की खऱ्या अर्थाने कळतात. जमीन तापली की साधारण दुपारच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटतो, तिसऱ्या प्रहरी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सूर्य मावळल्यावर पडतो. आपला रस्ता किनाऱ्याला समांतर, म्हणजे हा वारा बाजूने अंगावर येतो. पुलावर किंवा कड्याच्या मोकळ्या वळणावर एक झोत आला की बॅगा लावलेली सायकल हातभर बाजूला सरकते, आणि त्याच वेळी मागून ट्रक येत असतो. ही भीती मी लोकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. म्हणून टप्पे दुपारपर्यंत संपवायचे आणि पहाटे निघू देणारी जागा शोधायची. आठच्या आधी नाश्ता न देणारं, किंवा रात्रीचं फाटक सात वाजता उघडणारं हॉटेल कितीही देखणं असलं तरी आपल्या कामाचं नाही.

खोल्या साध्या होत्या, हे खरं. निवडताना मी वेगळ्या गोष्टी बघतो. वाळूलगतच्या खोलीत सायकलचे कपडे वाळत नाहीत. हवा दमट असते आणि कपड्यात मुरलेलं मीठ पुन्हा ओल धरतं. पॅडवाली शॉर्ट्स रात्री दोरीवर टाकली आणि सकाळी पॅडच्या आत बोट दाबून पाहिलं, तर वरून कोरडी वाटणारी शॉर्ट्स आतून ओली लागते. तीच घालून दिवसभर बसलं की मांड्या सोलवटतात आणि पुढचे सगळे दिवस खराब होतात. म्हणून गोड्या पाण्याचा मोकळा नळ, कपडे पिळून काढणारं यंत्र आणि वर छप्पर असलेली, वारा खेळती दोरी, हे तीन असतील तरच मी खोली बघायला आत जातो. तुमच्या प्रत्येक मुक्कामावर हे तिन्ही होतं.

सायकलींचंही असंच. बंद, कुलूप लागणारी खोली हवी, पण ती राहण्याची नको. समुद्राकाठी उघड्यावर ठेवलेल्या चेनवर एका रात्रीत तांबूस गंज धरतो. त्यासाठी संध्याकाळी हलक्या धारेने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवायला जागा लागते. जोराची धार मारायची नाही, बेअरिंगमध्ये पाणी जातं. तुमच्या गटात विजेवर चालणाऱ्या सायकलीही होत्या. लिथियमची बॅटरी झोपायच्या खोलीत, दाराजवळ, रात्रभर चार्जिंगला लावलेली मला चालत नाही. आग लागली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. हा नियम मी कुणासाठीही मोडणार नाही.

जर्मनीत एडीएफसी ही सायकलस्वारांची संघटना १९९५ पासून ‘बेट अँड बाइक’ या नावाने अशा जागांना मान्यता देते. एका रात्रीसाठीही खोली देणं, सायकलींना कुलूपबंद जागा, कपडे वाळवायची सोय, दुरुस्तीची हत्यारं, अशा त्यांच्या अटी आहेत. खिडकीतल्या दृश्याची अट त्यात नाही. एका रात्रीची अट तर फार महत्त्वाची; हंगामात किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं दोन-तीन रात्रींखाली खोली द्यायला तयार नसतात. स्वतः सहल आखणाऱ्यांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा.

समुद्रासमोरची खोली मी शेवटच्या रात्री ठेवतो, कारण दुसऱ्या दिवशी सायकल चालवायची नसते. तुम्हाला तशी रात्र आणखी हवी असेल, तर सहलीच्या मध्यावर विश्रांतीचा एक दिवस वाढवता येतो. मग दोन रात्री त्याच किनाऱ्यावर, आणि दोन रात्री म्हटलं की तिथलं हॉटेलही खोली देतं. नोंदणीच्या वेळीच कळवा. समोरच्या खोल्या थोड्या असतात.

भाड्यातला फरक परत मागितलात, तो मात्र देता येणार नाही. ठरलेल्या पत्रकात प्रत्येक मुक्कामाचं नाव आणि किनाऱ्यापासूनचं अंतर दिलेलं होतं, आणि त्याच जागा तुम्हाला मिळाल्या.