‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?’ या दाव्याविषयी

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठेही सांगितलेले वा लिहिलेले नाही, माणूस पृथ्वीवर आला तो माणूस म्हणूनच, तेव्हा अभ्यासक्रम बदलावा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ते खोडले, तरी हा युक्तिवाद आजही आवडीने पुढे पाठवला जातो.

‘कोणी पाहिले नाही’ हा त्यातला मुख्य मुद्दा. साक्षीदार नसतानाही मागे राहिलेल्या खुणांवरून गुन्हा सिद्ध होतो, हे मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेल्या सत्यपाल सिंहांना कोणी सांगायला नको. अशी एक खूण आपल्या प्रत्येक पेशीत आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या, २४ जोड्या असतात, माणसात २३. पूर्वज समान असेल, तर मानवाच्या वंशात दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत, आणि तसा सांधा कुठेतरी दिसला पाहिजे. तो आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात सापडला: एरवी गुणसूत्राच्या टोकांशी असणारी डीएनएची विशिष्ट पुनरावृत्ती तिथे मधोमध आहे, आणि एका गुणसूत्रात एरवी एकच असणाऱ्या गुणसूत्रबिंदूचे (सेंट्रोमिअरचे) निकामी झालेले दुसरे अवशेषही आहेत. माणूस स्वतंत्रपणे घडवला गेला असे मानले, तर या सांध्याचे कारण देता येत नाही.

‘मग माकडे अजून कशी उरली?’ हा प्रश्नच चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. आजच्या माकडांपासून माणूस झाला, असे उत्क्रांतिशास्त्र म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे वंश साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एका समान पूर्वजापासून वेगळे झाले, असे ते म्हणते.

‘ही नुसती थिअरी आहे’ असेही म्हटले जाते. परंतु मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी कोणत्या काळच्या खडकांत मिळावा, याचा अंदाज आधी बांधून संशोधकांनी कॅनडाच्या आर्क्टिक भागात शोध घेतला आणि २००४ मध्ये टिकटालिक नावाच्या अशा प्राण्याचा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म त्यांच्या हाती लागला. नुसत्या कल्पनेला असे भाकीत करता येत नाही.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. सृष्टीला कर्ता आहे की नाही, याचा निवाडा उत्क्रांतिशास्त्र करीत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९६ मध्ये उत्क्रांती हे केवळ गृहीतक उरलेले नाही, असे मान्य केले होते. अभ्यासक्रमाचे म्हणाल, तर औरंगाबादचे ते भाषण झाले त्याच वर्षी आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. केंद्रीय अभ्यासक्रमाची पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने मात्र पुढे आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, त्यामुळे ती पुस्तके वापरणाऱ्या आणि अकरावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना वरचे पुरावे वर्गात भेटण्याची शक्यता फारशी उरली नाही.