‘सगळ्यात कडक शॉकर घ्या’ : मुरमाच्या मैदानावर न चालणारा सल्ला

इंदुरातल्या गाडीवेड्या मंडळींच्या गटांमध्ये एक संदेश फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा : “२५ हजारांत गाडी ऑटोक्रॉसला तयार करा. पुढे मिळतील तेवढे कडक शॉकर घाला, मागचे राहू द्या. गॅसचेच घ्या, ते कडक असतात. गाडी दोन इंच खाली बसवा. पैसे उरले तर ३२ क्लिकचे कॉइलओव्हर, कमी पडले तर जुन्यांतच जाड तेल भरून घ्या. शेवटी बोनेट दाबून पाहा. एकदाच हलून थांबली की काम झालं.” (शॉकर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर; कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच; क्लिक म्हणजे त्याचा कडकपणा बदलणाऱ्या खुंटीचे टप्पे.)

यातलं एकही वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते इतकं पटतं. पण प्रत्येक वाक्य दुसऱ्याच कुठल्यातरी मैदानावरून उचललेलं आहे.

अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या डांबरी किंवा सिमेंटच्या पार्किंगवर शंकू मांडून घेतलेली वेळेची शर्यत. तिथल्या एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो स्पर्धेत ‘स्ट्रीट’ वर्गाला शॉकर बदलता येतात, स्प्रिंग मात्र मूळचीच ठेवावी लागते. साहजिकच तिथले लोक मऊ स्प्रिंगची उणीव कडक शॉकरने भरून काढतात, आणि सपाट डांबरावर ते खपूनही जातं. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा मातीचं मैदान असतं. माळव्यात तर खाली काळी माती, वर मुरमाचा थर. सकाळी पहिल्या दहा गाड्यांना ते बरं लागतं. वीस-पंचवीस गाड्या त्याच वळणावरून गेल्या की चाकोऱ्या पडतात, आणि दुपारी त्याच चाकोऱ्यांतून गाडी काढायची असते. शॉकर निवडायचा तो या दुपारसाठी.

“जेवढा कडक तेवढा चांगला”

शॉकर गाडी पेलत नाही. गाडी पेलते स्प्रिंग. शॉकर विरोध करतो तो हालचालीच्या वेगाला; गाडी स्थिर उभी असेल तर त्याचा विरोध शून्य. म्हणून प्रश्न ‘किती कडक’ हा नसून ‘कोणत्या वेगाला किती’ हा आहे. गाडी वळणात कलते, ब्रेकला नाक खाली घालते, तेव्हा शॉकरचा दांडा हळू सरकतो, साधारण सेकंदाला ७५ मिमीच्या आत. चाक चाकोरीच्या कडेवर आपटतं तेव्हा तोच दांडा त्याच्या कैकपट वेगाने आत जातो. पहिल्या ठिकाणी विरोध हवा, दुसऱ्या ठिकाणी शॉकरने वाट करून द्यायला हवी. नुसता ‘कडक’ शॉकर दोन्हीकडे अडून बसतो.

आकडे मांडून पाहू. चालकासह १००० किलोची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक घ्या. वजनाचा ६२ टक्के भाग पुढे, म्हणजे एका पुढच्या कोपऱ्यावर, एका चाकावर, ३१० किलो. त्यातून चाक, ब्रेक, नकल (चाक धरून ठेवणारा भाग) वगैरेंचे ३५ वजा केले की स्प्रिंगवर २७५ किलो उरतात. स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटन धरा. अशा कोपऱ्याचा क्रांतिक विरोध, म्हणजे ज्याच्यावर गाडी अजिबात डोलत नाही तो, २√(२०००० × २७५), सुमारे ४७०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. रोजच्या आरामाच्या गाडीत याच्या पाव हिश्श्याच्या आसपास विरोध असतो. ऑटोक्रॉससाठी हळू हालचालीत ६५ टक्क्यांपर्यंत गेलात तरी पुरे, म्हणजे ३०५० च्या आसपास. सेकंदाला ५० मिमी वेगाने दांडा सरकत असेल तर हा विरोध सरासरी १५० न्यूटन भरतो, जेमतेम १५ किलोचा जोर. उघडताना २०० आणि दबताना १०० अशी वाटणी साधारण योग्य.

आता ‘आणखी कडक’ म्हणून हाच विरोध दुप्पट केला तर? दबलेला कोपरा सुटल्यावर पाव सेकंदात निम्माच परत येतो. ६५ टक्क्यांच्या शॉकरने तो तेवढ्याच वेळात ८० टक्के परत आलेला असतो. ताशी ५० किलोमीटरने पाव सेकंदात गाडी साडेतीन मीटर जाते, आणि चाकोऱ्यांच्या मैदानावर साडेतीन मीटरच्या आत पुढचा दणका येतोच. कोपरा पूर्ण उघडायच्या आत पुन्हा दबतो, पुन्हा दबतो, आणि गाडी प्रत्येक दणक्यागणिक खाली खाली बसत शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकरचं दबणं अडवणाऱ्या रबराच्या गुटक्यावर, टेकते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गाडी काय चिकटून चाललीय! आत बसलेल्याला स्टिअरिंग हलकं झालेलं, म्हणजे पकड सुटलेली जाणवते.

“गॅसचे शॉकर कडक असतात”

नायट्रोजन भरतात तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. दांडा भराभर आत-बाहेर झाला की पिस्टनमागे दाब कमी होतो, तेलात बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात म्हणून विरोध गळतो. गॅसचा दाब ते रोखतो. त्याचा कडकपणाशी संबंध एवढाच की तो दांड्याला सतत बाहेर ढकलतो. १२ मिमीचा दांडा आणि २५ बार दाब असलेल्या मोनोट्यूबमध्ये, म्हणजे एकाच नळीच्या शॉकरमध्ये, हे ढकलणं सुमारे २८० न्यूटन होतं. ट्विनट्यूबमध्ये (नळीत नळी असलेला शॉकर) दाब बराच कमी, म्हणून जोरही कमी. पण हा जोर शॉकर दबताना आणि उघडताना एकाच दिशेने असतो, म्हणजे तो एक छोटी स्प्रिंग झाला. डोलणं थांबवणारा विरोध नव्हे. दुकानात उभ्या उभ्या हाताने दाबून “हा कडक आहे” म्हणतात तेव्हा हाताला लागतो तो हाच.

गॅस घ्याच; ४२ अंशांच्या मे महिन्यात पाठोपाठ चार फेऱ्या मारायच्या तर तो हवाच. फक्त कारण योग्य असू द्या.

“दोन इंच खाली बसवा”

या संदेशातला सर्वांत महागात पडणारा सल्ला हा. मूळ उंचीवर अशा हॅचबॅकला पुढे बंप स्टॉपपर्यंत दबायला साधारण ६० ते ७० मिमी जागा असते. दोन इंच, म्हणजे ५० मिमी, खाली गेलात की उरली १० ते २०. गाडी वळणात तीन अंश कलली की बाहेरचं चाक सुमारे ३८ मिमी दबतं. म्हणजे प्रत्येक वळणात बाहेरचं पुढचं चाक रबराच्या गुटक्यावर बसणार. तिथे स्प्रिंगचा कडकपणा एकदम कित्येक पट होतो, त्या टायरवर अचानक भार येतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघते. मग मालक म्हणतो, टायर वाईट आहेत.

मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे पुढचा शॉकर आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असलेल्या रचनेत, आणखी एक गोम आहे. गाडी खाली आणली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे आडवे दांडे) चाकाकडच्या टोकाला वरच्या बाजूला तिरके होतात आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढतं. गाडी खाली येऊनही कलण्याची ओढ वाढते. मातीवर मूळ उंची ठेवा. डांबरावर फार तर १५–२० मिमी, आणि तेही स्प्रिंग बदलायला तुमच्या वर्गाच्या नियमांत मुभा असेल तरच.

स्प्रिंग बदललीच तर शॉकरचा हिशेब असा : विरोध स्प्रिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. स्प्रिंग ४० टक्के कडक केली तर शॉकर १८ टक्के वाढवायचा, ४० नव्हे.

“जुन्यांत जाड तेल भरून घ्या”

कारागीर नळीला भोक पाडतो, तेल बदलतो, वेल्डिंगने बंद करतो. दोन्ही बाजूंत सारखं तेल, सारखी हवा, सारखा गॅस राहिला का, हे कुणालाच सांगता येत नाही. जाड तेलाचा परिणाम सर्वांत जास्त कुठे दिसतो? थंड शॉकरमध्ये. पहिल्या फेरीत गाडी ताठ वाटते, शॉकर तापला की तेल पातळ होतं आणि चौथ्या फेरीत तीच गाडी डोलते. शॉकरचं वागणं ठरवतात ते पिस्टनवरचे पातळ पत्रे, म्हणजे शिम. तेल बदलून शिमचं काम होत नाही. शिवाय गॅस भरलेल्या नळीला ड्रिल लावणं हे हाता-डोळ्यांशी खेळणं आहे. झाकण आट्यांचं असलेला, मुळातच उघडता येणारा शॉकर असेल तर गोष्ट वेगळी.

“३२ क्लिकचे कॉइलओव्हर”

स्वस्त कॉइलओव्हरमध्ये एकच खुंटी असते आणि ती बहुधा दबणं व उघडणं दोन्ही एकदम बदलते. ३२ पैकी पहिल्या बऱ्याच क्लिकना अनेकदा फरक जाणवत नाही, शेवटच्या काहींतच कडकपणा येतो. विकणाऱ्याकडे वेग आणि विरोध यांचा आलेख मागा. नसेल तर क्लिक म्हणजे नुसता आवाज. त्यांच्या स्प्रिंगही पाहा : मिलिमीटरला ६ किलो हा आकडा सर्रास दिसतो. आपल्या उदाहरणातली मूळ स्प्रिंग जवळपास २ किलोची आहे. तिप्पट कडक स्प्रिंगवर मुरमात चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहतं. वरचे उघडे धातूचे गोल सांधे धुळीने वाजू लागतात आणि उंची बदलायचे आटे चिखलाने जाम होतात.

एकाच खुंटीचा पण चांगला शॉकर हवा असेल तर फक्त उघडण्याचा विरोध बदलणारा पाहा. कोनीचे पिवळे शॉकर तसे आहेत. बिलस्टीनच्या बी-६ आणि बी-८ मध्ये गल्लत करू नका. बी-८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला असतो, मूळ उंचीला बी-६. दोन्हींत तुमच्या गाडीचा भाग क्रमांक असेल तरच विचार करा. ‘जुगाड करून बसतो’ म्हणजे दांड्याची लांबी चुकलेली असते.

“मागचे राहू द्या”

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला वळवण्यात मागच्या बाजूचाही मोठा वाटा असतो. मागचे शॉकर ढिले असले की सलग शंकूंमध्ये मागचा भाग उशिरा निघतो आणि उशिरा थांबतो. चालक प्रत्येक वेळी त्याची वाट पाहतो. टॉर्शन बीमच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं एका तुळईने जोडलेल्या गाडीत मागचा शॉकर बदलणं म्हणजे वरचा आणि खालचा असे दोन बोल्ट. पुढच्यासारखी स्प्रिंग दाबायची भानगडही बहुतेक गाड्यांत नाही. चारही बदला, निदान जोडीने.

“बोनेट दाबून पाहा”

स्ट्रटच्या गाडीत बुश (सांध्यांतली रबरं) आणि दांड्याचं घर्षणच इतकं असतं की अर्धमेला शॉकरही एकदा हलून थांबतो. खरी परीक्षा शॉकर काढूनच होते. तो उभा धरा आणि आधी पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा, कारण आडवा पडून राहिलेल्या ट्विनट्यूबच्या आतल्या नळीत हवा शिरते आणि नवाकोरा शॉकरही बाद वाटतो. मग हळू ओढा, हळू दाबा. दिशा बदलताना दांडा काही मिलिमीटर फुकट सरकला तर तो गेला. गॅसचा असून आपणहून बाहेर येत नसेल तरी गेला. मागची जोडी ट्विनट्यूबची असेल तर तुलना करायला शॉकर बेंचव्हाइसमध्ये नेहमीच्याच दिशेने उभा धरा, दांडा पूर्ण उघडा, त्यावर २० किलोचं वजन ठेवा आणि १०० मिमी खाली जायला लागणारा वेळ मोजा. डावा-उजवा यांत ठळक फरक पडला तर ती जोडी नव्हेच.

मग २५ हजारांचं करायचं काय? कंपनीच्या दर्जाचे चार नवे गॅस शॉकर, एकाच बनावटीचे. गॅब्रिएलचा तर शेजारच्या देवासलाच कारखाना आहे. दुकानात डाव्या-उजव्या पुढच्या स्ट्रटचे भाग क्रमांक वेगळे आहेत ना ते बघा, कारण ब्रेकच्या पाइपची पकड वेगळ्या बाजूला असते. त्यासोबत स्ट्रट माउंट, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर. मग लोअर आर्मचे बुश. उरलेले पैसे टायरला.

बसवताना तीन चुका नेहमी होतात. दांडा पकडीत धरून फिरवतात; एक ओरखडा पडला की सील लवकर गळतं. वरचा नट न्यूमॅटिक गनने मारतात. दांडा आत गरगरतो आणि पिस्टनचा नट सैल होऊ शकतो, म्हणून ॲलन कीने दांडा धरून हाताने आवळा. आणि बुशचे बोल्ट गाडी घोडीवर असतानाच कसतात. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आल्यावर कसले नाहीत तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. स्ट्रट-नकल बोल्टमधल्या ढिलाईचा फायदा घेऊन चाक वरून आतल्या बाजूला झुकवून कसा, मग अलाइनमेंट.

मैदानावर पहिल्या फेरीआधी मागच्या शॉकरच्या दांड्याला एक प्लास्टिकची पट्टी आवळून ती खाली सरकवा. फेरीनंतर ती किती वर गेली ते बघा. बंप स्टॉपपर्यंत पोचत असेल तर आधी उंची आणि टायरमधली हवा तपासा, मग शॉकर. बदलता येणारे असतील तर एका फेरीला एकच बदल. वळणात शिरताना पुढचा भाग सरळ जातो तेव्हा मागचा विरोध थोडा वाढवा. वळणातून निघताना आतलं पुढचं चाक नुसतंच फिरतं तेव्हा पुढचा उघडण्याचा विरोध कमी करा. संध्याकाळी परतण्याआधी डस्ट कव्हर वर सरकवून दांडे ओल्या फडक्याने पुसा. काळी माती वाळून दांड्यावर चिकटली की पुढच्या दणक्याला ती सीलखाली वाळूच्या कागदासारखी घासते.