एका रात्रीचा फेरफार

माझ्या सहलीतली एक रात्र परवा एका झेरॉक्सवाल्यानं काढून घेतली. सें-जाँ-द-लुझ नावाच्या फ्रेंच गावातली, समुद्राकडे खिडकी असलेली, न्याहारीसकट रात्र होती. ती त्यानं स्पेनमधल्या बिल्बाओला नेऊन टाकली, वर माझ्याकडूनच पैसे घेतले आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "हां, जर्मनी, पुढे या."

प्रकरण अर्थातच व्हिसाचं. ऑक्टोबरात बास्क मुलुखात जायचं असं मी घरात जाहीर केलं तेव्हा पहिला आक्षेप हिचा आला. तिकडे शरदात पाऊस असतो हे तिनं वाचलं होतं. "इथले चार महिने कमी पडले म्हणून पैसे भरून तिथला पाऊस बघायचा का?" मग मी तिला एस्पलेत गावाचे फोटो दाखवले. पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातलेल्या, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मिरचीचा उत्सव, त्या मिरचीला सरकारी मानांकनसुद्धा. तिनं फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "तिखट असते का?" बेताचीच, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. "मग मिरची कशाला म्हणायचं?" हा विषय तिथंच संपला. पण ती यायला तयार झाली, आणि माझ्या मते ती मिरचीमुळेच.

आता बास्क मुलुखाची अडचण अशी की तो एका देशात नाही. पिरेनीजचा डोंगर जिथं समुद्राला येऊन टेकतो, त्या कोपऱ्यात दोन्ही अंगांना ही माणसं राहतात. त्यांचे सात प्रांत, पैकी चार आज स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. भाषा एउस्कारा, जिचं दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. मला तो मुलूख सलग बघायचा होता. इस्तंबूलमार्गे बिल्बाओला उतरायचं, सान सेबास्तियनच्या गल्ल्यांत उभ्याउभ्या काडीला टोचलेलं ऑलिव्ह आणि अँचोव्ही खायचं, तिथून लोकलसारख्या गाडीनं पलीकडच्या आंदायला जायचं, मग सें-जाँ-द-लुझ, बयॉन, एस्पलेत, आणि येताना पाम्प्लोनावरून खाली ला रिओहाच्या द्राक्षमळ्यांत, जेव्हा तिथली पानं लाल झालेली असतात. जिथं पाऊस थांबेल तिथं आपणही थांबायचं, असा माझा मूळ बेत होता.

भारतीय पासपोर्टवर असला बेत करता येत नाही. तिथं कुठल्या रात्री कुठल्या पलंगावर झोपणार हे आधी छापून द्यावं लागतं. मी दिलं. आणि छापल्यावर दिसलं की स्पेनमधल्या आणि फ्रान्समधल्या रात्री समसमान झाल्या आहेत. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा, नियम स्वच्छ आहे. जिथं मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करायचा, मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशाची सीमा आधी ओलांडणार त्याच्याकडे. माझं पहिलं पाऊल बिल्बाओत, म्हणून अर्ज स्पेनकडे. सगळे कागद लावून झाले होते. फक्त फोटो काढायचे आणि पासपोर्टची एक प्रत मारायची राहिली होती, म्हणून मी अर्ज केंद्राच्या इमारतीखालच्या त्या दुकानात शिरलो.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन मशिनं, पांढरा पडदा, एक डुगडुगतं स्टूल आणि एक पंखा, जो माणसांकडे नव्हे तर मशिनाकडे तोंड करून लावलेला. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. तो गिऱ्हाइकांना नावानं हाक मारत नाही, देशानं मारतो. "फ्रान्स, तुमचे फोटो सुकतायत, बसा. इटली, बँकेचा शिक्का दिसत नाही यात, परत जा. जर्मनी, आजी, तुम्ही पंख्याखाली या." (पंख्याखाली काहीही येत नव्हतं, तरी जर्मनी उठून तिकडे गेल्या.)

मी पासपोर्ट दिला. त्यानं माझ्या हातातली अख्खी फाइलच घेतली.

"पॅरिस कुठाय?"

"पॅरिसला नाही जात."

"स्विस?"

"नाही."

"मग जाताय कशाला?"

मी बास्क मुलुखाबद्दल सांगितलं. थोडा स्पेनमध्ये, थोडा फ्रान्समध्ये.

"तसं नसतं साहेब. एक काहीतरी असतं."

"अहो, ते लोक तिथं दोन्ही देश व्हायच्या आधीपासून राहतायत."

"राहू देत. त्यांना व्हिसा नकोय. तुम्हाला हवाय."

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात त्याचं बोट रात्रींच्या तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि तळाशी थांबलं. कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "अहो, हे तर अर्धं-अर्धं आहे!" हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की फ्रान्स आणि इटली दोघांनी वळून पाहिलं. मी नियम सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला. "नियम वर बसलेत. मी इथं खाली वीस वर्षं बसलोय. अर्धं-अर्धं घेत नाहीत."

"घेतात. लिहिलेलं आहे."

"लिहिलेलं लय असतं."

बाकावर नुकतं लग्न झालेलं एक जोडपं होतं. दुकानदारानं त्यांची फाइल आदर्श म्हणून उचलून दाखवली. "हे बघा. पॅरिस तीन, स्विस तीन, रोम दोन. आहे काही प्रश्न?" नवरीनं माझ्याकडे करुणेनं पाहिलं आणि म्हणाली, "काका, टिटलिस घ्या ना, तिथं बर्फ असतो." मी अजून केस रंगवत नाही, हा काही गुन्हा नाही. पण सरकारी कागदांच्या रांगेत काका होणं आणि त्यावर कुणी टिटलिस सुचवणं, दोन्ही एकदम झालं की माणूस चिडतो. चिडून मी फेझंट बेटाची गोष्ट काढली.

ती गोष्ट खरी आहे आणि माझ्या सगळ्या बेताची मूळ प्रेरणा तीच. स्पेनचं इरुन आणि फ्रान्सचं आंदाय यांच्यामधून बिदासोआ नदी वाहते. तिच्या पात्रात दोनेकशे मीटर लांबीचं एक बेट आहे. १६५९ साली फ्रान्सचा कार्डिनल माझारँ आणि स्पेनचा लुईस दे आरो यांनी त्या बेटावर बैठकांमागून बैठका घेऊन दोन देशांमधलं जुनं युद्ध मिटवलं. ७ नोव्हेंबरला पिरेनीजचा तह झाला, आणि पुढल्या वर्षी चौदाव्या लुईचं स्पेनच्या राजकन्येशी लग्न लागलं, तेही सें-जाँ-द-लुझच्याच चर्चमध्ये. बेट मात्र दोघांच्या सामाईक मालकीचं राहिलं. आजही ते फेब्रुवारी ते जुलै स्पेनकडे असतं आणि ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सकडे. "म्हणजे बघा," मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "एका बेटाला अर्धं-अर्धं चालतं, मला का नाही?"

जर्मनी आजींना हे फार आवडलं. "मग तिथलं लाइटबिल कुणाच्या नावावर येतं?"

"तिथं कुणी राहत नाही, आजी."

"कुणी राहत नाही तर सहा-सहा महिने वाटून घ्यायचं कशाला? आमच्या दिरांचं घर तसंच पडलंय." आणि त्यांनी दिरांच्या घराची हकीकत सुरू केली. तिच्यात एक आंब्याचं झाड होतं आणि एक वकील होता. ती इथं सांगत नाही, कारण ती अजून कोर्टात आहे.

दुकानदार मात्र गप्प होता. तो कॅल्क्युलेटर ओढून काहीतरी करत होता. "फेब्रुवारी अठ्ठावीस... जुलै एकतीस... एकशे एक्क्याऐंशी." पुन्हा बटणं. "ऑगस्ट ते जानेवारी... एकशे चौऱ्याऐंशी." त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. "तीन रात्री जास्त. तुमच्या बेटानं फ्रान्सला अप्लाय करायचं. अर्धं-अर्धं कुणाचंच नसतं, साहेब."

लीप वर्षात फरक दोनच रात्रींचा राहतो, हे मला सुचलं, पण तोवर त्यानं माझा तक्ता स्कॅन करून संगणकावर उघडला होता. ज्या गावात दोन राजघराण्यांची सोयरीक झाली, त्याच गावातली माझी एक रात्र त्यानं माउसनं धरली, ओढली आणि बिल्बाओखाली सोडली. माझारँला महिने लागले होते. याला एक शिंक येण्याएवढा वेळ लागला, आणि तीही मधेच आली.

"हॉटेल बुक आहे हो तिथं!"

"फ्री कॅन्सल आहे ना? सगळे करतात. तिकडे गेल्यावर कुठं झोपायचं ते तुमचं तुम्ही बघा. कागदावर बिल्बाओ."

बिल्बाओबद्दल माझी तक्रार नाही. १९९७ साली उघडलेलं टायटॅनियमच्या पत्र्यांचं गुगेनहाइम संग्रहालय तिथं आहे, त्याच्या दारात फुलांनी मढवलेलं अवाढव्य कुत्र्याचं पिल्लू आहे, नदीच्या मुखाशी १८९३ सालचा पूल आहे, ज्याला टांगलेला पाळणा माणसं आणि गाड्या इकडून तिकडे नेतो. बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण ती रात्र मी तिथं मागितलेली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर राग त्या दुकानदाराचा नाहीच. माझा शाळेतला मित्र कॅनडाचा नागरिक झाला. तो शुक्रवारी ठरवतो आणि शनिवारी निघतो, पाऊस आला तर गाव बदलतो. मला मात्र ९० युरो भरून, जे व्हिसा नाकारला तरी परत येत नाहीत, ३० हजार युरोंचा विमा काढून, कचेरीकडून रजेचं पत्र घेऊन, तीन वर्षांची आयकर विवरणं लावून हे पटवायचं असतं की मी परत येणार आहे. खात्यात पैसे कमी दिसता कामा नयेत, अचानक जास्तही दिसता कामा नयेत. पगार आला, वीजबिल गेलं, किराणा गेला, हे सगळं एक अनोळखी माणूस वाचणार. माझ्या आईच्या औषधांचे पैसे कुठल्या तारखेला जातात हे त्याला कळणार, आणि त्यावरून तो ठरवणार की मी मिरच्या बघून घरी येईन की नाही. येईन हो. घर इथं आहे, कर्ज इथं आहे, मिरच्यासुद्धा इथल्याच तिखट आहेत. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

असो. बिल झालं. फोटो, झेरॉक्स आणि तिसऱ्या ओळीत त्यानं व्यवस्थित लिहिलं होतं, 'नाईट चेंज ३०'.

वर माझा नंबर लागला. खिडकीपलीकडच्या मुलीनं पानं भराभर उलटली. पासपोर्ट पाहिला, विमा पाहिला, बँकेच्या शिक्क्यावर बोट टेकवलं. रात्रींचा तक्ता तिनं एका क्षणात मागे टाकला, एकही रात्र मोजली नाही. मग तिची नजर फोटोवर अडली.

"हा खालून काढलाय का?"

"हो."

"त्यांच्याकडे चेहरा नेहमी लहान येतो. चालणार नाही. दुसरा आणा."

मी तरातरा खाली उतरलो. दुकानात इटली शिक्का घेऊन परतला होता, जर्मनी आजी पंख्याखाली होत्या. मी फोटो काउंटरवर आपटला आणि पैसे परत मागितले.

"फोटोचे पैसे परत नाही करत," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून थोडा विरघळला. "रात्र पाहिजे तर परत टाकून देतो. तीस रुपये."