'दयेला तराजू लावू नका' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. देणगी देण्याआधी संस्था कशी जोखावी, या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: दया आकड्यांत मावत नाही, प्रशासकीय खर्चावरून क्रमवारी लावू नका असं सांगून मी उधळ्या संस्थांना मोकळं रान दिलं, 'दर लाभार्थी खर्च' लावून केलेली तुलना फसवी आहे, आणि या मोजामोजीत लहान संस्था चिरडल्या जातात. शिवाय, ज्या छोट्या अभ्यासवर्गाला तुम्ही दरमहा पैसे देता ते आता थांबवायचे का, असा तुमचा प्रश्न आहे.

दर लाभार्थी खर्चाचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. जंतांची गोळीच बघा. शाळेत सरसकट सगळ्या मुलांना ती देतात, कारण एकेकाची तपासणी करणं गोळीपेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा निकष मुलावर नसून भागावर आहे: लागण 20 टक्क्यांवर असेल तर वर्षातून एकदा, 50 टक्क्यांवर असेल तर दोनदा. आता 60 टक्के लागण असलेल्या भागात हजार मुलांना गोळी दिली, तर जंत असलेल्या 600 जणांपर्यंत ती पोचली. 5 टक्के लागण असेल तर 50 जणांपर्यंत. कागदावर दोन्हीकडे लाभार्थी हजार आणि खर्च तोच. लेखात संस्थांची तुलना करणारं जे कोष्टक मी दिलं होतं, त्यात अशा दोन संस्था बरोबरीला बसल्या असत्या, आणि प्रत्यक्षात त्यांच्यात बारा पटींचा फरक! ते कोष्टक लेखातून काढलं आहे.

प्रशासकीय खर्चाच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. समजा एका संस्थेचा वर्षाचा खर्च 80 लाख, त्यातले 20 लाख प्रशासनाचे. म्हणजे 25 टक्के. त्याच वर्षी तिला कुणी मुदत संपत आलेली औषधं फुकट दिली आणि तिने ती छापील किमतीने, एक कोटीची म्हणून, जमेला धरून वाटल्याचं दाखवलं. आता एकूण खर्च 1 कोटी 80 लाख आणि प्रशासन 11 टक्के. कारभारात तसूभर फरक नाही, पण जाहिरातीत 'तुमच्या शंभरातले 89 थेट गरजूंना' असं अभिमानाने छापता येतं. हिशेबनिसाचा निम्मा पगार 'कार्यक्रम' या सदरात टाकणं ही त्याहून सोपी युक्ती. उलट जी संस्था वाटप झाल्यावर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन बघते, तिची तपासणी कधीकधी प्रशासनात मोजली जाते आणि ती महागडी दिसते. 2013 मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिन्ही अमेरिकी मूल्यमापकांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की निव्वळ या टक्केवारीवरून संस्था ठरवू नका. टक्केवारी सांगत फिरणारेच हे म्हणाले, यातच काय ते आलं. पैसे खाल्ले जाताहेत का हे बघायचं असेल तर लेखापरीक्षकाचा शेरा, विश्वस्तांचे संस्थेशी असलेले व्यवहार आणि किती महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक पडून आहे, या तीन गोष्टी वाचा.

आता दया. ती मोजावी असं मी कुठेच म्हटलेलं नाही. दिलेल्या पैशाने पुढे काय झालं तेवढं मोजायचं आहे. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीने बालमृत्यू सुमारे 17 टक्क्यांनी घटतात, हे आफ्रिकेत झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसलं आहे. पण हा आकडा मुलं दाणीत झोपली तर लागू. खरेदीचा हिशेब 1.8 माणसांमागे एक दाणी असा असतो, टिकण्याची अपेक्षा साधारण तीन वर्षांची. त्यामुळे 'इतक्या वाटल्या' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ती टांगली आहे की पेटीत घडी घालून ठेवली आहे? भोकं किती? आत रात्री कोण झोपतं, तान्हं मूल की घरातला कर्ता पुरुष? सरकार त्याच गावात त्याच वर्षी वाटणार होतं का? वाटणार असेल, तर तुमच्या देणगीने फक्त सरकारचे पैसे वाचवले. आणि त्या भागातले डास औषधाला दाद देईनासे झाले असतील, तर जुन्या चाचण्यांचा आकडा तसाच्या तसा उचलता येत नाही.

चांगल्या हेतूने, चांगल्या पुराव्यावर उभं राहिलेलं कामही फसतं. उत्तर बांगलादेशात भाताच्या कापणीआधी 'मोंगा' हा उपासमारीचा काळ येतो. 2008 मध्ये तिथल्या कुटुंबांना शहरात जाऊन मजुरी करता यावी म्हणून साधारण साडेआठ डॉलर, म्हणजे प्रवासभाड्याइतके पैसे देऊन पाहिले. स्थलांतराचं प्रमाण 22 टक्के-बिंदूंनी वाढलं, घरातलं खाणंपिणं सुधारलं. एव्हिडन्स ॲक्शन या संस्थेने यावरून 'नो लीन सीझन' हा मोठा कार्यक्रम उभारला. 2017 मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा मोजलं, तर स्थलांतर वाढलेलंच नाही! संस्थेने निष्कर्ष जाहीर केला, देणग्या मागणं थांबवलं आणि 2019 मध्ये कार्यक्रम बंद केला. मोजलं नसतं तर तो अजूनही फोटोंसह चालू असता. स्वतःचं अपयश छापणाऱ्या संस्थेकडे मी जरा झुकतो, हा पूर्वग्रह म्हणा हवं तर.

लहान संस्थांबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. पंचवीस मुलांच्या वर्गाला, चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडायचे आणि एकालाच शिकवून फरक बघायचा, अशी चाचणी लावणं हास्यास्पद आहे. एवढ्या संख्येत योगायोग आणि परिणाम वेगळे ओळखताच येत नाहीत, आणि चाचणीचा खर्च वर्गाच्या खर्चापेक्षा जास्त. त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात. ही पद्धत दुसरीकडे कुठे मोजून चांगली ठरली आहे का, आणि इथे ती ठरवल्याप्रमाणे राबवली जाते का. दुसरीचं उत्तर वहीतून मिळतं.

म्हणून तुमचे पैसे थांबवू नका, तीन कागद मागा. पहिला, हजेरीपट: पटावर किती आणि सलग चार आठवडे येणारी किती. दुसरा, मूल आलं त्या दिवशीची आणि सहा महिन्यांनंतरची वाचनपातळी, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पायऱ्यांत, आणि तपासणारी व्यक्ती शिकवणाऱ्याहून वेगळी. इथे एक खाच आहे. सहा महिन्यांत मुलं शाळेतही शिकतातच, आणि सगळ्यात कच्ची मुलं निवडली तर ती पुढच्या तपासणीत आपोआप थोडी वर सरकलेली दिसतात. वर्गाकडे प्रतीक्षायादी असेल तर त्यातल्या मुलांचीही तीच तपासणी करायला सांगा. फरक त्या दोन गटांतला धरायचा, आधी आणि नंतरचा नाही. तिसरा कागद एका ओळीचा: आणखी पैसे मिळाले तर नेमकं काय वाढेल? 'अजून दहा मुलं, अजून एक ताई' हे उत्तर चालेल, 'काम अधिक जोमाने' हे नाही.

वर्ग चालवणाऱ्या ताईंना हे सगळं एका आठवड्यात जमणार नाही, एक सत्र द्या. वाचनतपासणीच्या वह्या-छपाईचा खर्च देणगीच्या वर वेगळा द्या, नाहीतर तो मुलांच्या खाऊतून निघेल. आणि सत्र संपल्यावरही फक्त फोटोच आले, तर मग पुन्हा इथे लिहा.