प्योंगयांगचं मीटर रीडिंग घरबसल्या कसं घ्यावं

ज्या उत्तर कोरियाने १९६०च्या दशकापासून धड आकडेवारीच छापलेली नाही, तिथे ऊर्जेची मागणी किती आणि पुरवठा किती हे सांगणं अवघड आहे, असं वाटत असेल तर तुम्ही या धंद्यात नवे आहात. अवघड असतं ते नॉर्वेचं. नॉर्वेचा आकडा चुकलात तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी सरकारी तक्ता उघडून तुमची चूक चारचौघांत दाखवतं. उत्तर कोरियाच्या बाबतीत ही भीती नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. फक्त इथे मूठ त्यांची आणि सव्वा लाख तुमचे.

सुरुवात १९९० सालापासून करा. सगळे तिथूनच करतात. तेव्हा सोव्हिएत संघ होता, तेल मैत्रीच्या भावात येत होतं, यंत्रं बऱ्यापैकी धडधाकट होती. मुख्य म्हणजे, तो आकडा खोडून काढायला आता कोणी येणार नाही. सोलमधली, म्हणजे दक्षिण कोरियाच्या राजधानीतली, सरकारी आकडेवारी सांगते की त्या वर्षी उत्तरेत २,७७० कोटी युनिट वीज तयार झाली. २०१५मध्ये ती १,९०० कोटी युनिट, आणि २०१६मध्ये एकदम २,३९० कोटी. एका वर्षात पाव हिश्श्याने वाढ! आता या वाढीचं कारण तुम्हाला द्यायचं आहे. २०१६मध्ये प्योंगयांगने, म्हणजे उत्तरेच्या राजधानीतल्या सरकारने, आधी सत्तर दिवसांची आणि मग दोनशे दिवसांची ‘लढाई’ पुकारली होती. म्हणजे माणसांनी सुट्ट्या सोडून राबायचं. ते कारण देऊ शकता. किंवा असं म्हणा की २०१५मध्ये दुष्काळ होता, पुढच्या वर्षी धरणात पाणी आलं. दुसरं कारण फारच साधं आहे. आभाळातून पाणी पडलं, जनित्रं फिरली, यावर परिसंवाद भरत नाही. त्यामुळे पाऊस तळटीपेत टाका.

हे सोलचे आकडे कुठून येतात, असं कोणी विचारलं तर ‘संबंधित यंत्रणांकडून’ एवढंच म्हणा. तिथली मध्यवर्ती बँक १९९१पासून उत्तरेच्या अर्थव्यवस्थेचा हिशेब करते, आणि त्यासाठी दक्षिणेतल्या किमती लावते. उत्तरेच्या कारखान्यातल्या मालाला दक्षिणेच्या बाजाराचा भाव. बँकेने हे लपवलेलं नाही, स्पष्ट लिहून ठेवलं आहे. लिहून ठेवलेलं कोणी वाचत नाही, हा या व्यवसायाचा पाया आहे, तो विसरू नका.

पुढचं साधन उपग्रह. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो. इथे उंट चारशे किलोमीटर उंचीवर आहे आणि त्याच्या पाठीवर कॅमेरा आहे. जानेवारी २०१४मध्ये अंतराळ स्थानकावरून काढलेला रात्रीचा फोटो तुम्ही पाहिला असेलच. खाली दक्षिण कोरिया लखलखतो आहे, वर चीन लखलखतो आहे, आणि मध्ये काळोख. इतका, की जमीन समुद्रासारखी दिसते आणि प्योंगयांग त्यातल्या एखाद्या बेटासारखं. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड असाच एक फोटो आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवत असत. तुम्हीही लेखात तो सर्वांत वर लावा. त्याखाली मजकूर वाचायची तसदी कोणी घेणार नाही.

रात्रीच्या दिव्यांवरून फक्त रात्रीचे दिवे कळतात, हे मात्र कुठे बोलू नका. खाणीतला पंप वरून चमकत नाही, कार्बाइडची भट्टी कारखान्याच्या छपराखाली असते, आणि तिथली रेल्वे बहुतांश विजेवर चालते म्हणून काही रूळ उजळून निघत नाहीत. उलट राजधानीतले पुतळे आणि स्मारकं रात्री झगमगतात. म्हणजे नेत्याचा पुतळा तुमच्या तक्त्यात उद्योगाच्या वाढीत मोजला जाण्याची शक्यता आहे. मोजा. तिथल्या सरकारचीही हरकत नसावी.

दिवसा धुराड्यांकडे बघा. पुकचांगचं औष्णिक केंद्र कागदावर १,६०० मेगावॅटचं आहे, सोव्हिएत मदतीने उभारलेलं. उपग्रह वरून गेला त्या मिनिटाला धूर दिसला तर केंद्र चालू. नाही दिसला तर बंद, किंवा ढग. मग कोळसा दगडमाती मिसळलेला असेल, बॉयलर गळका असेल, तारांत गळती असेल, या सगळ्याची मिळून एक टक्केवारी धरावी लागते. ती ‘सुमारे तीस’ अशी कधीच धरू नका. ३१.४ लिहा. दशांश चिन्ह दिसलं की लोकांना वाटतं, याने मोजलंय.

(हसू नका. आपल्याकडे मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर अश्वशक्तीवरून ठरवतात, आणि त्या आकड्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. तेही पंप बांधावर आणि अधिकारी तालुक्याला असताना.)

आता तेल. इथे जरा रेंगाळा, कारण हा खरा मलईचा भाग आहे. चीनच्या दानदोंगहून यालू नदीखालून एक नळ सिनुइजूजवळच्या पोंगह्वा तेलशुद्धीकरण कारखान्याला जातो. लांबी जेमतेम तीस किलोमीटर, वय पन्नाशीच्या घरात. चीनच्या सीमाशुल्क खात्याच्या तक्त्यात दरसाल पाच लाख टनांच्या आसपास कच्चं तेल उत्तर कोरियाला गेल्याची नोंद असे. २०१४ साली त्या रकान्यात शून्य आलं, आणि पुढे शून्यच. आता नळ तर बंद झालेला नाही. त्यातलं दाछिंग या चिनी तेलक्षेत्राचं तेल मेणचट असतं, प्रवाह थांबला तर नळातच थिजून बसेल, आणि मग नवा नळ टाकावा लागेल. म्हणजे तेल जातंय, पण कागदावर नाही. अशा वेळी जाणकारांनी काय केलं? गेल्या वर्षीचा आकडा या वर्षी लिहिला. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. तेल थिजलं नाही, आकडा थिजला.

आणि या थिजलेल्या आकड्याचं भाग्य बघा. डिसेंबर २०१७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २३९७ मंजूर केला. त्यात उत्तर कोरियाला वर्षाला किती कच्चं तेल द्यायचं याची मर्यादा घातली: ४० लाख पिंपं किंवा ५,२५,००० टन. म्हणजे सगळे जो अंदाज धरून चालले होते, जवळपास तोच कायदा झाला. काल जे ‘असावं’ होतं ते आज ‘याहून जास्त नसावं’ झालं. तुमच्या अंदाजाला यापेक्षा मोठी पदोन्नती मिळणार नाही.

त्याच ठरावात पेट्रोल, डिझेल वगैरे शुद्ध तेलाची मर्यादा पाच लाख पिंपांवर आणली. पिंपांत. टनांचा उल्लेख तिथे राहून गेला. पाठवणाऱ्या देशांनी दरमहा किती पाठवलं ते कळवायचं होतं. त्यांनी ते टनांत कळवलं. एका टनात किती पिंपं? पेट्रोल असेल तर साडेआठच्या आसपास, भट्टीतलं जड तेल असेल तर साडेसहाच्याही खाली. म्हणजे तीच पाच लाख पिंपं पेट्रोलच्या हिशेबाने साठ हजार टनांच्या आतबाहेर भरतात, आणि जड तेलाच्या हिशेबाने पाऊण लाखाच्या वर जातात. कोणता दर लावायचा यावर संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीत वर्षानुवर्षं एकमत होईना. क्षेपणास्त्रांवर, अणुस्फोटांवर एकमत झालं होतं. अडलं ते पिंपावर. तुम्ही मात्र अडू नका. ज्याच्यासाठी अहवाल लिहिताय त्याला मर्यादा मोडलेली हवी आहे की पाळलेली, हे आधी विचारा आणि मग दर ठरवा.

चोरीछुपे समुद्रात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात ओतलेलं तेल हा वेगळा अध्याय. तिथे जहाज दिसतं, जहाजातलं तेल दिसत नाही. त्यामुळे निर्बंधांवर नजर ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या अहवालांत तीन हिशेब मांडलेले असत: टाकी एक तृतीयांश भरलेली धरली तर इतकं, निम्मी धरली तर इतकं, नव्वद टक्के धरली तर इतकं. पद्धत प्रामाणिक आहे आणि म्हणूनच बातमीसाठी कुचकामी. तुम्ही नव्वद टक्क्यांचा हिशेब उचला आणि ‘संयुक्त राष्ट्रांच्या म्हणण्यानुसार’ असं लिहा. आता तर तेही सोपं झालं आहे: मार्च २०२४मध्ये रशियाने नकाराधिकार वापरला आणि एप्रिलअखेर ते मंडळच बंद पडलं. तुम्हाला टोकणारं आणखी एक तोंड कमी झालं.

कोळशात फार वेळ घालवू नका. २०१६मध्ये सुमारे सव्वादोन कोटी टन कोळसा चीनला गेला, ऑगस्ट २०१७मध्ये निर्यातीवर पूर्ण बंदी आली. बंदीमुळे घरचा कोळसा घरच्या वीजकेंद्रांना मिळाला म्हणून वीज वाढली, असंही सिद्ध करता येतं. पैसा आटला, खाणींना सुटे भाग मिळेनात म्हणून वीज घटली, असंही. दोन्ही लेख आजच लिहून ठेवा.

पुरवठा झाला. मागणीचं काय, असं नवखे विचारतात. ज्या घरात दिवसातून तासभर वीज येते त्या घराची मागणी किती? तासाभराचीच ना! पुरवठा तोच वापर, वापर तीच मागणी. तक्ता आपोआप जुळतो आणि देशात तूट नसल्याचं निष्पन्न होतं. उरलेले तेवीस तास मागणी नव्हतीच, असं समजा.

या समजुतीला धक्का देणाऱ्या काही गोष्टी आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. उदाहरणार्थ, ‘मोक्तान्चा’. डिझेल नाही म्हणून ट्रकच्या हौद्यात लोखंडी शेगडी बसवलेली असते. त्यात लाकूड, कोळसे, मक्याची कणसं जाळून निघणारा वायू इंजिनात सोडतात. मागे एक माणूस सतत सरपण घालत उभा, ट्रक धूर ओकत चढावर धापा टाकतोय. आता हे वाहतुकीच्या रकान्यात लिहाल की सरपणाच्या? मागच्या माणसाचे कष्ट कुठे धराल? किंवा गच्चीतल्या चिनी सौर पट्ट्या. दिवसभर एक बॅटरी भरायची, रात्री दोन दिवे आणि एखादा छोटा पडदा चालवायचा. सीमेवरून रीतसर आलेल्या पट्ट्या चीनच्या तक्त्यात सापडतात; पोत्यातून आलेल्या कोणत्या तक्त्यात शोधणार? २००८च्या जनगणनेत, जी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने झाली आणि जिने २,४०,५२,२३१ माणसं मोजली, घरोघरी चुलीत काय जळतं हेही विचारलं होतं. बहुतेक घरांचं उत्तर होतं कोळसा किंवा लाकूड. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ते त्यांनी सांगूनही टाकलं. पण डोंगरावरून पाठीवर आणलेल्या मोळीला ना पावती, ना धुराडं. उपग्रहाला दिसतो तो फक्त उघडा पडलेला डोंगर.

इतिहास तर मुळीच घालू नका, आलेख बिघडतो. फाळणीच्या वेळी कोरियातली बहुतेक सगळी वीज उत्तरेत तयार होत होती. यालूवरचं जपान्यांनी बांधलेलं सुपुंग धरण तेव्हा जगातल्या मोठ्या धरणांत गणलं जाई. १४ मे १९४८ला, दक्षिणेत निवडणूक होऊन चार दिवस होत नाहीत तोच, उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली. अंधारात सोल होतं. जून १९५२मध्ये अमेरिकी विमानांनी सुपुंग आणि इतर जलविद्युत केंद्रांवर बॉम्ब टाकले आणि अंधार उत्तरेत गेला. काचेखालच्या त्या फोटोत यातलं काही उमटत नाही.

अंदाज नसेल तर काय होतं, याचंही एक उदाहरण गाठीशी असू द्या. अमेरिकेबरोबरच्या १९९४च्या करारात उत्तर कोरियाने अणुकार्यक्रम थांबवायचा आणि बदल्यात त्याला प्रत्येकी सुमारे १,००० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या मिळायच्या, असं ठरलं. त्या होईपर्यंत वर्षाला पाच लाख टन जड तेल. जड तेल का, तर ते रणगाड्यात चालत नाही. इतका बारीक विचार केला. पण ज्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात ६० हर्ट्झची वारंवारता टिकता टिकत नाही, त्यात हजार मेगावॅटचा एक संच जोडला आणि तो अचानक बंद पडला तर सगळा देश एका झटक्यात अंधारात जाईल, हे अभियंते सांगत राहिले. सुदैवाने तो प्रश्न आला नाही. भट्ट्या पूर्ण झाल्याच नाहीत. २००६मध्ये प्रकल्प गुंडाळला.

एक वाईट उदाहरणही सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा पाय घसरणार नाही. डेव्हिड फॉन हिपेल आणि पीटर हेस हे नॉटिलस या अमेरिकेतल्या अभ्याससंस्थेतले दोघे अनेक वर्षं उत्तर कोरियाचा ऊर्जेचा ताळेबंद मांडत आले. गृहीतक काय धरलं, का धरलं, कुठे चुकू शकतं, हे पानंच्या पानं लिहितात. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण १९९८मध्ये ही संस्था पश्चिम किनाऱ्यावरच्या उनहा-री नावाच्या खेड्यात चक्क जाऊन पोचली, पवनचक्क्या उभारल्या आणि घरोघरी कोण काय जाळतं याची विचारपूस केली. असं करू नये. एकदा माणसांना विचारलं की ती उत्तरं देतात, आणि मग सबंध देशाचा आकडा डोळे मिटून लिहिणं जड जातं.

जानेवारी २०२१च्या पक्ष अधिवेशनात किम जोंग उन यांनीच जाहीर केलं की पंचवार्षिक उद्दिष्टं जवळपास सर्वच क्षेत्रांत फसली. म्हणजे तिथल्या नियोजनकारांचा आणि तुमचा अनुभव वेगळा नाही. फरक इतकाच की त्यांना उत्तर द्यावं लागतं.

शेवटी तक्ता बंद करताना सर्वांत खाली एक ओळ राहते: सांख्यिकी तफावत. पुरवठ्यातून वापर वजा करून जे हिशेबात बसलं नाही ते तिथे जातं. ट्रकमधली कणसं, पोत्यातल्या पट्ट्या, पाठीवरच्या मोळ्या, नळातलं न लिहिलेलं तेल, सगळं. ही ओळ दोन-तीन टक्क्यांवर ठेवा. वीस टक्के ठेवलीत तर पैसे देणारा विचारेल की मग तुम्ही मोजलंत काय. आणि शून्य ठेवलीत तर त्याला वाटेल, आकडे प्योंगयांगहून आलेत.