कोड आला नाही म्हणून बिघाड नाही?

‘कोड सापडला नाही. यंत्रणा रचनेप्रमाणे चालते आहे.’ गाडीचा हीटर चालत नाही म्हणून तक्रार केली, तर कालच्या सर्व्हिसच्या कागदावर एवढ्या दोन ओळी आणि खाली एका तासाची मजुरी. कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक. बाहेर उणे २९. हीटर ऑटोवर, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणाऱ्या सोयीवर, २२ अंशांना लावलेला. ड्रायव्हरच्या बाजूने गार वारा, शेजारच्या सीटकडे गरम, आणि पुढच्या काचेवर आतून बर्फ. आतून! बाहेरची काच खरवडून झाली की आत बसून परत खरवडा. तो चुरा मांडीवर पडतो, वितळतो आणि त्याचीच वाफ पुन्हा काचेवर जाऊन बसते. याला रचना म्हणतात?

गाडी तपासली कुठे, तर गरम केलेल्या गॅरेजमध्ये. १८-२० अंशांत रात्रभर उभी. केबिन उबदार, कूलंट (इंजिनात खेळणारा द्रव, त्याच्याच उष्णतेवर हीटर चालतो) कोमट, सीटसुद्धा गार नाही. तिथे या बिघाडाचं नखही दिसणार नाही. इथे कॅनडात, एडमंटनमध्ये जानेवारीत हीटरची तक्रार तपासायची असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी बाहेर लावायची. ब्लॉक हीटर (इंजिन कोमट ठेवणारा विजेचा हीटर) खुशाल लावा, इंजिन सुरू तर व्हायला हवं, पण केबिन थंडगार राहू दे. सकाळी इंजिन तापलं की दोन्ही बाजूंच्या व्हेंटमध्ये थर्मामीटर खुपसा आणि आकडे लिहून काढा. दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण नाही, कॉम्प्युटर जोडला, पडदा कोरा दिसला, विषय संपला.

आणि आवाज? गाडी चालू केली की डॅशबोर्डच्या मागून टक टक टक, मग शांत, मग परत टक टक. हा आवाज इथल्या शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. ब्लेंड डोअरचा, म्हणजे गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेचा ॲक्च्युएटर, ती झडप फिरवणारा भाग! मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची डबी, आत छोटीशी मोटर आणि प्लास्टिकचीच दातेरी चक्रं. थंडीत झडप आखडते, ग्रीस घट्ट होतं, मोटर जोर लावते आणि चक्राचे दोन दात उडतात. मग मोटर फिरत राहते आणि झडप जागची हलत नाही. ती थंड बाजूला अडकली की हीटर कोअरमध्ये (केबिनची हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) ९० अंशांचं कूलंट खेळत असलं तरी तुमच्या वाट्याला बाहेरचीच हवा. ज्या गाड्यांत मोटरचे ठोके मोजून झडप कुठे आहे ते ठरवतात, तिथे कॉम्प्युटरला ठोके बरोबर मिळत राहतात. त्याच्या लेखी झडप उघडलेली. कोड येणार कुठून? म्हणून तर माणसाने हात लावून बघायचं असतं.

हात कुठे लावायचा तेही सांगतो, कारण कागदावर सही करणाऱ्याने लावलेला नाही. इंजिन चांगलं तापल्यावर फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीपाशी, हीटरच्या दोन नळ्या जातात, त्या चाचपायच्या, जपून, हात भाजतो. दोन्ही कडक गरम असतील तर इंजिनाचा दोष नाही, झडप बघा. एक गरम आणि एक गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा आत हवा अडकलीय, डॅशमागे खळखळ ऐकू येत असेल तर कूलंटची पातळी आधी बघा. दोन्ही कोमट असतील, आणि हायवेला लागल्यावर तापमानाचा काटा खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान सांभाळणारी इंजिनाची झडप) उघडाच अडकलाय. त्याचा पी०१२८ कोड बहुतेक वेळा येतो, पण थोडा अडकलेला असेल तर आठवडाभर येत नाही.

ॲक्च्युएटर बदलायचा तर दोन-तीन स्क्रू, बहुतेक ५.५ किंवा ७ मिलिमीटरचे. खालच्या बाजूचा असेल तर अर्ध्या तासात होतं. वरचा असेल तर मनगट सोलवटून निघतं. काही मॉडेलमध्ये अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. जी वस्तू दर दोन-चार हिवाळ्यांत मोडणार हे माहीत आहे, ती तिथे कोंबणाऱ्याने एकदा स्वतः ती बदलून दाखवावी! नवा बसवल्यावर हीटरचा फ्यूज मिनिटभर काढून परत लावायचा, इग्निशन चालू करायचं आणि एक-दोन मिनिटं कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. झडपा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आपली जागा शिकतात. मध्येच बटण दाबलं तर चुकीची जागा शिकतात, आणि मग नवा भागही खराब म्हणून परत जातो.

बरं, ॲक्च्युएटर धडधाकट असला तरी या ऑटोला हिवाळा कळतच नाही. डॅशवर काचेला लागून तो काळा टिकलीएवढा ऊन मोजणारा सेन्सर. एडमंटन ५३.५ अंश उत्तरेला. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर. कॅलगरीकडे निघालात की तीनशे किलोमीटर दक्षिणेला तोंड, ऊन सरळ काचेतून त्या टिकलीवर. ऑटोला वाटतं उन्हाळा आला. गरम हवा कमी करतो, वारा पायांवरून काढून तोंडावर आणतो. बाहेर उणे २५, पायाची बोटं बधिर, आणि पडद्यावर २२ चा आकडा तसाच. त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा. हेडलाइट त्याच सेन्सरवर चालत असतील तर भरदिवसा लागतील, लागू देत.

दुसरा, केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर स्टिअरिंगजवळच्या जाळीमागे. त्याला मागून छोटा पंखा केबिनची हवा ओढून देतो. जाळी धुळीने, कुत्र्याच्या केसांनी बुजली किंवा मागची नळी निसटली की तो डॅशच्या पोटातली ऊब मोजत बसतो आणि केबिन तापली असं सांगतो. टिश्यू पेपरचा कपटा जाळीवर धरा. ओढला गेला पाहिजे. पडला तर मऊ ब्रशने जाळी साफ करा, तरी पडला तर नळी बघा. हेही गॅरेजमध्ये कुणी केलेलं नाही, कपटा फुकट मिळतो तरी.

काचेचं तर बोलायलाच नको. ताम्हिणीत पावसात काच धुरकटली की एसी लावायचा, हे आपल्या हाताला बसलेलं आहे. इथे ते चालत नाही. शून्याच्या आसपास किंवा खाली गेलं की कॉम्प्रेसर लागतच नाही. एसीचा दिवा मात्र जळत राहतो! दिवा बघून माणूस निश्चिंत होतो. इथे काच कोरडी करते ती बाहेरची हवा, कारण उणे २५ ला तिच्यात दमटपणा जवळजवळ नसतो. आणि काही गाड्यांचा ऑटो केबिन लवकर तापावी म्हणून नेमकी आतलीच हवा फिरवतो. चार माणसांचे श्वास, बुटांचा बर्फ वितळून रबरी मॅटमध्ये साचलेलं पाणी, सगळं काचेवर. म्हणून निघायच्या आधी वायपरखालच्या जाळीवरचा बर्फ हाताने काढा, हवा तिथूनच आत येते. मॅट ओता. आतल्या हवेचं बटण बंद आहे ना ते डोळ्यांनी बघा. डिफ्रॉस्ट स्वतः दाबा, कारण कूलंट तापेपर्यंत ऑटो ब्लोअर मंद ठेवतो आणि तेवढ्यात काच हातची जाते. इंजिन थोडं तापलं की निघा, काच साफ झाल्याशिवाय मात्र नाही. उणे ३० ला नुसतं उभं ठेवून बराच वेळ इंजिन धड तापत नाही, डिझेल तर नाहीच.

आणि डिफ्रॉस्ट दाबायचं कुठे? टचस्क्रीनच्या पडद्यावर! जाड हातमोज्याने पडद्याला स्पर्शच कळत नाही. म्हणून हातमोजा काढा, गोठलेल्या बोटाने हीटर-एसीचं पान उघडा, त्यात दुसरं पान, तिथे ते चित्र. काच धुरकटलेली, समोर रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी, आणि नजर पडद्यावर. गोल फिरणारं बटण होतं तेव्हा न बघता, मोज्यासकट फिरवता यायचं. ते काढून टाकणाऱ्याने माणसाच्या जिवाशी खेळ केलाय, यापेक्षा मऊ शब्द मला सुचत नाही.

गाडी आज रात्री बाहेरच आहे. उद्या सकाळी सर्व्हिसवाल्याने बाहेर यावं, हातमोजा काढावा, डाव्या व्हेंटपुढे एक हात आणि उजव्या व्हेंटपुढे दुसरा धरावा. मग कागदावर लिहावं काय ते.