सहा जिंकलेत, तीन हरलेत, आणि म्हणे कोचला हाकला

काल, 9 नोव्हेंबर 2025 ला, मायामीत आमची अमेरिकन फुटबॉल टीम बफेलो बिल्स 30-13 ने हरली. गेम संपतो न संपतो तोच आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोच मॅकडर्मटबद्दल पहिला मेसेज पडला, "मॅकडर्मटला हाकला". लगेच दुसरा, "आजच्या आज". तिसऱ्याने नुसता कचऱ्याच्या डब्याचा इमोजी टाकला आणि त्याला अकरा अंगठे आले. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. सकाळी ऑफिसात बसून काम कमी आणि मनातल्या मनात उत्तरं देणं जास्त झालं. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना लागायचं त्यांना इथेही लागेलच.

गावाकडच्या मित्रांनो, तुमच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलचा सीझन म्हणजे प्रत्येक टीमचे सतरा गेम, आठवड्याला एक. आमचे नऊ झालेत. सहा जिंकले, तीन हरले. आठ अजून बाकी आहेत. आणि आमच्या ग्रुपवर निकाल लागून तेरावाही उरकला. पंगत उठायच्या आत आहेर मोजायला बसणारे लोक असतात ना, तसे हे.

बरं, त्याच्या आदल्याच रविवारी आम्ही कॅन्सस सिटीला 28-21 ने हरवलं होतं. महोम्ससारख्या दिग्गजाच्या टीमला! तेव्हा याच ग्रुपवर सुपर बोलच्या, म्हणजे फायनलच्या, तिकिटांची चौकशी सुरू होती. सात दिवसांत काय बदललं? कोच तोच, क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जॉश अ‍ॅलन तोच, टीमही तीच. पाठीचा कणा फक्त आपला गेला.

आता तो कचऱ्याचा डबा टाकणारा माणूस. त्याचं नाव लिहिणार नाही, पण सप्टेंबरमधला बाल्टिमोरचा गेम आठवत असेल तर तो स्वतःला ओळखेल.

7 सप्टेंबर, सीझनचा पहिला रविवार, रात्रीचा गेम. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, सगळ्यांचे घसे आरत्या आणि ढोलाने बसलेले, तरी दोन गाड्या भरून आम्ही ऑर्चर्ड पार्कला, बिल्सच्या स्टेडियमवर गेलो. पार्किंगमध्ये वडापाव, बाजूच्या ट्रकवाल्यांचे सॉसेज, ते आपल्याकडची लसणाची चटणी मागून मागून खातात, सगळं यथासांग. आणि माझ्यासोबत माझा शेजारी. सत्तरीला टेकलेला, मुलं त्याला आजोबा म्हणतात आणि तो 'ओके' म्हणतो. तरुणपणी लॅकवॅनाच्या बेथलहेम स्टीलमध्ये होता. 1983 मध्ये तिथली पोलादाची भट्टी थंड झाली आणि हजारोंबरोबर हाही रस्त्यावर आला. पुढे आयुष्यभर स्कूलबस चालवली. माझ्या वडिलांची गिरणी 82 च्या संपात गेली आणि आम्ही लालबाग सोडून साताऱ्याला परतलो, हे मी त्याला एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून ड्राइव्हवेवरचा माझ्या वाटचा बर्फही तोच काढतो. मी नको म्हणतो, तो ऐकत नाही.

तर शेवटची चारेक मिनिटं उरलेली आणि बोर्डावर बाल्टिमोर 40, बफेलो 25. त्यांचा डेरिक हेन्री आमच्या पोरांना अंगावर घेऊन पळत होता. लोक उठायला लागले. आधी दोन-चार, मग रांगाच्या रांगा. आपली मंडळीही उठली. "ट्रॅफिक लागेल", "उद्या शाळा आहे", "काय राहिलंय आता". कचऱ्याचा डबा सर्वांत पुढे, हातात गाडीची किल्ली. माझी बायकोही अर्धी उठली होती, खोटं कशाला बोलू. शेजारी हलला नाही. तिला एवढंच म्हणाला, "मी एकदा उठलो होतो. पँट फाटली."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अ‍ॅलनचा पास कुणाच्या तरी हाताला लागून उडाला तो सरळ आमच्या कोलमनच्या हातात, टचडाउन, म्हणजे सहा पॉइंट. मग आमच्या एड ऑलिव्हरने हेन्रीच्या हातून बॉल पाडला. हेन्रीच्या हातून! आणखी एक टचडाउन. आणि अगदी शेवटी मॅट प्रेटर, 41 वर्षांचा किकर, त्याच आठवड्यात टीममध्ये आलेला, अर्ध्या खेळाडूंची नावंही त्याला पाठ नसतील, त्याने 32 यार्डांवरून मारलेला बॉल दोन खांबांच्या मधून गेला. 41-40. माझ्या पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईने मला मिठी मारली. रात्री साताऱ्याला फोन केला तर तिकडे सकाळ झाली होती. आई म्हणाली, "कालचं ग्रहण सुटलं म्हणायचं तुमचं". तिला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं अचूक कुणीच बोललं नव्हतं.

अ‍ॅलननेही टीव्हीवर ऐकवलं की काही लोक निघून गेले, ठीक आहे, पण पुढच्या वेळी जरा विश्वास ठेवा. आपली दुसरी गाडी तेव्हा हायवेवर होती आणि रेडिओ ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर "काय गेम झाला!" असं सगळ्यांत आधी कोणी लिहिलं असेल? ओळखा.

त्या पँटची गोष्ट मला तोंडपाठ आहे. 3 जानेवारी 1993, ह्यूस्टन ऑयलर्सविरुद्ध प्लेऑफचा (बाद फेरीचा) गेम, याच स्टेडियमवर. जिम केली जखमी, त्याच्या जागी बदली क्वार्टरबॅक फ्रँक राइक. हाफटाइमला 28-3 ने मागे. शेजारी आणि त्याचा मेहुणा थंडीला आणि टीमला शिव्या देत बाहेर पडले. तिकिटं पूर्ण खपली नव्हती, म्हणून गावात टीव्हीवर गेम दाखवलाच नव्हता. जे काही होतं ते गाडीतल्या रेडिओवर. तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि राइकचा पास ह्यूस्टनने पळवला, 35-3. मेहुण्याने रेडिओ बंद केला. याने परत लावला. 35-10. गप्प. 35-17. कोणीच बोलेना. 35-24 झाल्यावर याने मधल्या दुभाजकावरून गाडी वळवली, जी वळवायची नसते. गेटवर परत आत घेईनात. शेकडो लोक कुंपणावरून चढत होते, हाही चढला, तारेत पँट अडकली आणि मांडीपर्यंत फाटली. जानेवारीतल्या बफेलोत फाटकी पँट म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच कळेल. तसाच उभा राहून त्याने ओव्हरटाइमपर्यंत गेम पाहिला. स्टीव्ह क्रिस्टीची किक, 41-38. तीही 32 यार्डांवरून बरं का.

तेव्हापासून तो उठत नाही. इथे मला हसू येतं आणि रागही येतो. कारण त्या दिवसानंतरचं त्याचं नशीब बघा. 2000 ते 2016, सलग सतरा सीझन बफेलो प्लेऑफला गेलं नाही. सतरा! विल्यम्स, म्युलार्की, जॉरॉन, गेली, मरोन, रेक्स रायन, कोच येत राहिले आणि जात राहिले. "हाकला" म्हणणाऱ्यांची त्या काळात चांदी होती, दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी जातच होतं. मिळालं काय? शेजारी म्हणतो, त्या वर्षांत डिसेंबरमध्ये स्टेडियमवर गेलं की दोन खुर्च्यांत पाय पसरून बसता यायचं. मॅकडर्मट 2017 मध्ये आला आणि पहिल्याच सीझनला तो दुष्काळ संपला. तोही कसा, तर थर्टीफर्स्टच्या दिवशी सिनसिनाटीच्या अँडी डॉल्टनने शेवटच्या मिनिटात बाल्टिमोरला हरवलं आणि त्यांची जागा आम्हाला मिळाली म्हणून. इथल्या लोकांनी दुसऱ्या गावच्या त्या क्वार्टरबॅकच्या संस्थेला सतरा-सतरा डॉलरच्या देणग्या पाठवल्या. सतरा वर्षांचे सतरा. ही माणसं आहेत ही.

आणि आपण? आपल्यातले बहुतेक जण अ‍ॅलन स्थिरावल्यानंतर फॅन झालेले. जॅकेटवरचा टॅग अजून निघालेला नाही.

हो, तेरा सेकंद. माहीत आहे मला. जानेवारी 2022, कॅन्सस सिटी, तेरा सेकंद उरलेत आणि तीन पॉइंटांनी पुढे असताना बरोबरी करू दिली आणि ओव्हरटाइममध्ये घालवलं. त्याचं उत्तर मॅकडर्मटकडे नाही, माझ्याकडेही नाही. त्याच टीमने प्लेऑफमध्ये आपल्याला चारदा घरी पाठवलंय हेही मान्य. आणि काल मायामीची टीम दोन जिंकून सात हरलेली होती, अशा टीमकडून तीस पॉइंट खाणं लाजिरवाणंच होतं. त्यांच्या बॉल घेऊन पळणाऱ्या एचॅनला कोणी अडवलंच नाही. आमच्याच गटातले पेट्रियट्स आठ जिंकून, दोनच हरून वर जाऊन बसलेत हेही दिसतंय. झालं समाधान?

पण ऑलिव्हर दंडाच्या दुखापतीने बाहेर आहे, हे कोणी का लिहीत नाही? सप्टेंबरमध्ये ज्याच्या हाताने तुमचं नाक वाचवलं तोच हात सध्या पट्टीत आहे.

(मध्ये जेवून आलो. पिठलं-भात. जरा शांत झालोय.)

एक सांगतो. शिव्या द्यायचा हक्क आपल्याला आहेच. मीही काल तिसऱ्या क्वार्टरला सोफ्यावरची उशी फेकली. पण आपण 1996 पाहिलेली पिढी आहोत. ईडन गार्डन्सवर सेमीफायनल, श्रीलंकेविरुद्ध 120 वर 8, स्टँडमध्ये जाळपोळ, मैदानात बाटल्या, सामना बहाल केला आणि आपला कांबळी रडत रडत आत गेला. मी शाळेत होतो, मला त्या हरण्यापेक्षा त्या बाटल्यांची लाज जास्त वाटली होती. आता बफेलो बघा. जानेवारी 1991, सुपर बोल, शेवटचे आठ सेकंद, स्कॉट नॉरवूडची 47 यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि 20-19 ने हातातलं गेलं. दुसऱ्या दिवशी नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले. कशाला? नॉरवूडला हाका मारायला. तो मागे लपून उभा होता, याच लोकांनी त्याचं नाव घेऊन घेऊन त्याला पुढे आणलं. शेजारी होता त्या गर्दीत, कामावर दांडी मारून. नंतर टीम लागोपाठ आणखी तीन सुपर बोल हरली. चार वर्षं, चार हार. त्याने तरीही सीझन तिकीट सोडलं नाही.

हाच माणूस पुढच्या वर्षी स्टेडियमवर नसेल, आणि खरं सांगायचं तर मला कालपासून टोचतंय ते हे. रस्त्यापलीकडे नवीन स्टेडियम उभं राहतंय. राज्य आणि काउंटी मिळून 85 कोटी डॉलर जनतेचे त्यात घातलेत, आणि वर सीझन तिकीट विकत घेण्याच्या नुसत्या हक्कासाठी वेगळे हजारो डॉलर. तिकिटाचे पैसे परत निराळे. स्कूलबसच्या पेन्शनवर ते बसत नाही. मी म्हटलं, आपण अर्धे-अर्धे करू. त्याने विषय बदलून माझ्या छपराच्या पन्हळीतली पानं कधी काढायची ते विचारलं. 1973 चं ते जुनं स्टेडियम, ते कुंपण, सगळं पाडणार आहेत. त्याचे आता घरचे चार गेम राहिलेत: टॅम्पा, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया आणि जेट्स.

आणि त्या चार गेममध्ये त्याच्या बाजूला बसून आपण काय करायचं, तर चौथ्या मिनिटाला फोन काढून "फायर हिम" टाइप करायचं? राग येतोय परत. कोच बदलायचा तर जानेवारीत बदला. मालक पेगुला कुटुंब आहे, त्यांना तुमच्या इमोजीची वाट नाही. जानेवारीत टीम परत तशीच हरली तर मीही तुमच्या बाजूने उभा राहून बोलेन. पण नोव्हेंबरात, 6-3 वर, टॅम्पा घरी येत असताना? शोभत नाही रे.

असो. येत्या रविवारी दुपारचा गेम आहे, मी सकाळी लवकर निघतोय. गाडीत दोन जागा आहेत. वडे माझ्याकडे, पाव कोणीतरी आणा, मागच्या वेळचे वातड होते. किल्ली माझ्या खिशात राहील आणि घड्याळ शून्यावर गेल्याशिवाय बाहेर निघणार नाही. ज्यांना ट्रॅफिकची काळजी आहे त्यांनी आपापली गाडी आणावी. कचऱ्याचा डबा, तुलाही ये म्हणतोय, पण शेजाऱ्याच्या बाजूची खुर्ची माझी.